भिंतीतून पीठ गळत होतं

लिहू की नको यात तीन आठवडे गेले. मी सहकारी बँकेत 22 वर्षं नोकरी करतो, आणि आमच्या काउंटरच्या काचेवर 'पैसे घ्यायला पिन लागत नाही' हा कागद मीच चिकटवलाय. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या, पुढे गिटारी पडणार आहेत.

तरुणपणी ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवायचो. गणपतीचे दहा दिवस, हळदीचे कार्यक्रम, एकदोन महोत्सव. आता रावेतला टू बीएचके, आणि घरात वाद्यं चार: माझी बास, एक सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार (एपिफोन लेस पॉल), मुलीची नायलॉन तारांची गिटार आणि न्यू जर्सीला गेलेल्या मित्राची जुनी अकूस्टिक, जी तो 'तुझ्याकडे राहू दे, हवा खाऊ दे' म्हणून ठेवून गेला. स्टँडवर ठेवली तर येताजाता पाय लागतो. केसमध्ये ठेवली तर पावसाळ्यात आतल्या मखमलीवर बुरशी धरते, दोनदा धरलीये. म्हणून भिंतीवर टांगायचं ठरलं. टांगल्याने मान वाकते असं कुणी म्हणालं तर कानाआड करा. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिकच्या मानेवर ताणच 70 किलोच्या आसपास असतो, तिथे वाद्याचं स्वतःचं दोन-चार किलो वजन किस झाड की पत्ती. म्हणजे निर्णय चुकला नव्हता, माणूस चुकला.

माणूस इन्स्टाग्रामवरचा. 'सागवानी गिटार वॉल', पिवळे दिवे, मागे मंद सतार. दोन पॅनेल, मिळून पाच हुक, 18,500 रुपये. प्रत्येक हुक 25 किलो पेलणार, हुकाच्या काट्याला 'लॅकरला न लागणारं सिलिकॉन'. हा शेवटचा शब्दप्रयोग वाचून मी विरघळलो. जुन्या गिटारींवर नायट्रो लॅकर, म्हणजे एक प्रकारचं पॉलिश, असतं आणि साधं रबर किंवा पीव्हीसी त्याला चिकटून डाग पाडतं, हे ज्याला ठाऊक आहे तो माणूस दर्दीच असणार, असं मला वाटलं. दर्दी नव्हता, कुठल्यातरी परदेशी हुकाची माहिती जशीच्या तशी उचलली होती.

9,250 आगाऊ. मग टेम्पोचे 1,200. मग फिटिंगचे 2,500, हे आधी 'फ्री' होतं. यूपीआयवर पैसे टाकताना नाव भलत्याच बाईचं आलं. विचारलं तर, "दादा, मिसेसचं खातं आहे." अहो, माझ्यासमोर रोज लोक असंच सांगतात आणि मी मान डोलावून फॉर्म पुढे सरकवतो. इथेही डोलावली.

एप्रिलमधल्या दुसऱ्या रविवारी मिस्त्री आला. विशीतला पोरगा, तोंडात मावा, हातात हॅमर ड्रिल. डावीकडचं दोन हुकांचं पॅनेल लावताना मशीन नुसतं किंचाळत होतं. बिट तापलं, त्याने ते दोनदा पाण्यात बुडवलं, भोकातून करडी खर पडली. तो म्हणाला, "काका, कॉलम लागला." मग तीन हुकांच्या पॅनेलसाठी उजवीकडे सरकला आणि त्याच मशीनने चार भोकं मिनिटभरात. श्रीखंडात चमचा जावा तसं बिट आत. खाली पांढरंशुभ्र, तांदळाच्या पिठासारखं बारीक चूर्ण. पोरगा खूश. "इकडची भिंत मऊ आहे, बरं झालं."

आणि मी काय म्हणालो? "हो ना, लवकर आटपलं." त्याला चहा दिला.

या एका वाक्यासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. भिंत मऊ आहे हे ऐकून ज्याला आनंद होतो त्याने तिच्यावर फोटोसुद्धा लावू नये. विटेच्या भिंतीतून लाल भुकटी येते, काँक्रीटमधून करडी खर येते आणि बिट रडतं. पांढरं पीठ आलं की समजायचं, सिपोरेक्स, म्हणजे एएसी ब्लॉक. ब्लॉक वाईट नाही, हल्लीच्या बहुतेक टॉवरमध्ये तोच असतो, पण आत हवेची छिद्रं असतात. त्यात हॅमर बंद करून भोक पाडायचं, आणि त्याच्यासाठी बनवलेले लांब नायलॉनचे प्लग किंवा केमिकल अँकर (भोकात रसायन भरून पक्के बसवतात ते) वापरायचे. या पोराने हॅमर चालू ठेवून भोक आणखी मोठं केलं आणि त्यात इंचभराचे साधे प्लॅस्टिकचे प्लग ठोकले, घड्याळ टांगायला वापरतात ते. शिवाय हुक भिंतीपासून चार-पाच इंच पुढे येतो. म्हणजे वजन नुसतं खाली ओढत नाही, वरच्या स्क्रूला भिंतीतून बाहेर खेचतं. 25 किलो हुक पेलतो हो, भिंत काय पेलते ते कोण सांगणार?

जाताना पोराने वाद्यांसकट भिंतीचे फोटो काढले. "साहेबांना पाठवायचेत." मीच लाइट लावून दिला. उरलेले 9,250 त्याच्यासमोर पाठवले. एकूण 22,200. बिल व्हॉट्सॅपवर, त्यावर जीएसटी क्रमांकाच्या जागी मोबाइल नंबर.

दुसऱ्या दिवसापासून केर काढताना बायको म्हणू लागली, "अहो, इथे रोज पीठ कसलं सांडतंय?" मी म्हणालो, एसीची धूळ असेल. एसी समोरच्या भिंतीला आहे. रोज रात्री बास काढायची, वाजवायची, परत अडकवायची, दर वेळी प्लग भोकात थोडा हलायचा, आणि सकाळी चिमूटभर पीठ. पंधरा दिवस भिंत मला सांगत होती. बायकोही सांगत होती. मी जुन्या गाण्यांच्या बासलाइन बसवत होतो.

सतराव्या रात्री, पावणेचारला, पॅनेल आलं खाली. सिलिंडर फुटला असं वाटलं. बास चार किलोच्या वरची, ती लेस पॉलवर पडली. लेस पॉलचं डोकं मागे कललेलं असतं आणि नटच्या (डोक्याजवळ तारा टेकतात त्या पट्टीच्या) मागे, जिथे ट्रस रॉडसाठी, म्हणजे मानेतल्या सळईसाठी, आतून पोकळी केलेली असते, तिथेच लाकूड सगळ्यात कमी. बरोबर तिथेच मोडली. डोकं तारांवर लोंबकळत होतं, मान मुरगळलेल्या कोंबडीसारखं. मुलगी दारात येऊन नुसती बघत राहिली. तिची गिटार गादीवर पडून वाचली. पॅनेलची कड फुटली तेव्हा आतला 'सागवान' दिसला: दाबलेला भुसा, वर लाकडाच्या रंगाचा कागद.

डावीकडचं पॅनेल कॉलमवर असल्यामुळे शाबूत. पण मित्राची गिटार काढली तर मानेला दोन्ही बाजूंनी चिकट, काळपट वळ. ते 'सिलिकॉन' साधं रबर निघालं. तुमच्याकडे जुनं लॅकर असेल तर हुकाच्या काट्यावर सुती कापड गुंडाळा, विकणारा काहीही म्हणो.

आता काचेवरच्या कागदाची गोष्ट. सकाळी पॅनेल विकणाऱ्याला फोन केला, अक्षरशः शिव्या घातल्या. तो एकदम नरम. "दादा, पूर्ण पैसे परत, पहिला हप्ता आत्ता टाकतो. सिस्टीममध्ये रिटर्न एंट्री मारायला क्यूआर पाठवतो, तुम्ही फक्त स्कॅन करा." स्कॅन केलं. 4,999, खाली शेऱ्यात 'रिफंड'. रात्रभर झोप नाही, डोकं तडकलेलं, एका हातात मोडकी मान. पिन टाकला. पैसे गेले. पुढच्या मिनिटाला मी ब्लॉक. बँकेतल्या माणसाला कळत नाही का, असं विचारणाऱ्याने आधी पहाटे चारला स्वतःची गिटार मोडून बघावी.

चौकीत गेलो. "वस्तू मिळाली ना तुम्हाला? मग फसवणूक कसली? सिव्हिल मॅटर आहे." मी भुशाचा तुकडा दाखवला. "हे आम्ही ओळखणार कसं, आम्ही काय सुतार आहोत?" 1930 वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला, तिथल्या मुलीने नीट ऐकून घेतलं, पण तक्रार घेतली फक्त 4,999 ची, बाकीची 'खरेदी' म्हणे. क्यूआरवाल्या खात्यात तोवर 63 रुपये उरले होते, त्यावर होल्ड लागला. त्रेसष्ट! सायबरवाले म्हणाले, हद्दीच्या ठाण्यात जा. ठाणं म्हणालं, सायबरकडे जा. तिसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तावर, चौथ्या खेपेला अर्ज सापडेना, पाचव्या खेपेला एक हवालदार म्हणाले, "काका, या वयात गिटार कशाला?" माझ्या स्वतःच्या बँकेत, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने छापील उत्तर वाचून दाखवलं: व्यवहार ग्राहकाने स्वतः पिन टाकून केला आहे. मीच शंभर वेळा लोकांना वाचून दाखवलंय ते.

1915, ग्राहक हेल्पलाइन. कंपनीचं नाव-पत्ता द्या. बिलावरच्या पत्त्यावर स्कूटर घेऊन गेलो, तिथे मिसळीचं दुकान. मालक भला माणूस, म्हणाला तुमच्या आधी दोघं येऊन गेलेत. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, हे सगळं खरं. पण नोटीस बजावायची कुणावर, मिसळवाल्यावर? वकील 15,000 म्हणाले. सोसायटीचा मॅनेजर वेगळाच तापला: ताबा घेताना दिलेल्या पुस्तिकेत लिहिलंय ना, ब्लॉकच्या भिंतीला जड वस्तू विचारून लावा. लिहिलं होतं. पुस्तिका ड्रॉवरमध्ये, गॅसच्या पावत्यांखाली.

लेस पॉलची मान चिकटवायला 7,500, बासची वाकलेली खुंटी आणि तुटलेला जॅक 1,800. सगळं धरून 36,499. वाद्यं दुरुस्त करणाऱ्याने फुकटात सांगितलं ते इथे देतो, निदान तेवढं वसूल होऊ दे. शक्यतो कॉलम शोधून त्यावरच टांगा. बासचं डोकं लांब आणि एका अंगाला, तिला फिरणारा काटाच घ्या, नाहीतर ती तिरकी लोंबते. पावसाचा मारा येणारी बाहेरची भिंत नको, पश्चिमेच्या खिडकीसमोरची नको. खोलीत आर्द्रतेचं मीटर ठेवा, 45 ते 55 टक्क्यांच्या दरम्यान बरं, जून ते सप्टेंबर ते जमणं कठीण. आणि हुक लावला की पहिले चार दिवस त्यावर गिटार नाही, पाण्याचा भरलेला कॅन टांगा. खाली पीठ दिसलं तर बाकीचे पैसे देऊ नका.

परवा रात्री न्यू जर्सीहून मित्राचा मेसेज आला, एका नव्या पेजची लिंक. नाव वेगळं, सतार तीच, किंमत आता 21,000. फोटो माझ्या भिंतीचा, माझ्याच लाइटमध्ये काढलेला.

"अरे, ही डावीकडची माझी गिटार ना? भारी दिसतेय. कशी आहे?"

दोन निळ्या टिका होऊन दोन दिवस झाले. काय लिहू ते सुचत नाहीये.