नखाएवढा शिकारी, पण नजर हटत नाही

म्हापशाच्या बाजारातल्या एका दुकानातून लेकासाठी हे रेझिनचं मॉडेल घेतलं, परग्रहावरच्या दलदलीच्या जंगलातला जाळं विणणारा शिकारी, अंगठ्याच्या नखाएवढा, आणि खरं सांगते मीच जास्त वेळ बघत बसले. सहाही पायांना गळासारखे बारीक आकडे, पोटाखालून निघालेला हिरवट धागा शेवाळलेल्या मुळाला चिकटलेला, काय काम केलंय! पावसात मोलेच्या रानात जायंट वुड स्पायडरची सोनेरी जाळी बघितलीयत मी, मादी तळहाताएवढी पसरलेली आणि त्याच जाळ्यात नर जेमतेम ५-६ मिलिमीटरचा, म्हणून हा एवढासा जीव मला खोटा वाटलाच नाही. एक पाय मोडका निघाला पण दुकानदाराने लगेच बदलून दिलं. बेस मात्र जड हवा होता, फॅन लावला की कलंडतं.