पानांसाठीच घ्यावी अशी जास्वंद: रंगीत पानांच्या ‘कूपरी’चे चौदा महिने

आधीच सांगून टाकते: फुलांच्या ओढीने जास्वंद घेणार असाल तर ही घेऊ नका. पानांसाठी घेणार असाल तर पुढे वाचा, कारण या झाडाच्या बाबतीत करता येतील तेवढ्या चुका मी चौदा महिन्यांत करून बसले आहे.

झाड म्हणजे रंगीत पानांची जास्वंद. ‘कूपरी’ या नावाने ती ओळखली जाते. जात तीच, नेहमीच्या लाल जास्वंदीची, जिला स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस, म्हणजे ‘चीनचा गुलाब’, असं नाव दिलं. फरक सगळा पानात. पान अरुंद, थोडं वाकडं, त्यावर हिरवा, राखट हिरवा, पांढरा आणि गुलाबी असे फराटे, जणू कुणी ब्रश झटकलाय. एकासारखं दुसरं पान नाही. एखाद्या पानाची अर्धी बाजू हिरवी आणि अर्धी पांढरी निघते. तेव्हा हिरवी बाजू जोमाने वाढते, पांढरी मागे राहते आणि अख्खं पान पांढऱ्या बाजूला वळतं. सुरुवातीला मला तो रोग वाटला होता. दोन आठवडे फवारण्या करत होते, कशासाठी ते देव जाणे.

पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, म्हणजे तो भाग अन्न तयार करत नाही, हिरव्याच्या जिवावर जगतो. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की या झाडाचे निम्मे प्रश्न सुटतात. वाढ हळू का, ऊन किती, कात्री कुठे चालवायची, सगळं तिथेच येऊन थांबतं.

उन्हाचंच घ्या. जास्वंद म्हणजे भरपूर ऊन, हे समीकरण डोक्यात असल्याने मी कुंडी सरळ दिवसभराच्या उन्हात ठेवली. आठवडाभरात पांढऱ्या भागांना तपकिरी, कागदासारखे कोरडे डाग पडले. हिरवा भाग तसाच ठणठणीत. घाबरून कुंडी आत, सावलीत आणली. मग दीड-दोन महिन्यांत नवीन येणारं प्रत्येक पान जास्त जास्त हिरवं व्हायला लागलं आणि गुलाबी रंग तर जवळपास गेलाच. झाड जिवंत, पण ज्याच्यासाठी आणलं तेच नाही. शेवटी जमलं ते असं: सकाळचं चार-पाच तास थेट ऊन आणि दुपारी फक्त उजेड. या जागेवर आल्यावर कोवळी पानं पुन्हा गुलाबी निघायला लागली. पान जुनं झालं की गुलाबीचा पांढरा होत जातो, त्यामुळे सगळ्यात सुंदर भाग नेहमी शेंड्याला. सावलीतून उन्हात नेताना मात्र एकदम नेऊ नका. रोज तासभर वाढवत न्या.

आता कात्रीविषयी, कारण सगळ्यात जास्त पश्चात्ताप तिथला आहे. चौथ्या-पाचव्या महिन्यात बुडाजवळून एक फुटवा आला. जाड, सरळ, पानं रुंद आणि पूर्ण हिरवी. मला वाटलं, वा, झाडाने आता जोर धरला. महिन्याभरात तो बाकीच्या झाडापेक्षा हातभर उंच गेला आणि रंगीत फांद्या जिथल्या तिथे. अशा झाडात दोन तऱ्हेच्या पेशी शेजारी शेजारी नांदत असतात. एखादा डोळा फक्त हिरव्या पेशींतून फुटला तर निघणारी फांदी साधी जास्वंदच असते. तिच्यात हरितद्रव्य भरपूर, त्यामुळे ती पळते आणि झाडाचं सगळं बळ ओढून घेते. ती दिसताक्षणी मुळाशी कापायची. मी कापली तीन महिन्यांनी, कारण एवढी सशक्त फांदी कापायला हात धजेना. ते तीन महिने फुकट गेले.

याच्या उलटही होतं. कधी एखादा शेंडा पूर्ण गुलाबी-पांढरा निघतो. दिसायला इतका देखणा की प्रत्येक पाहुणा त्याच्यापाशीच थांबतो. तो ठेवला तरी चालतो, पण झाडाला त्याचा आधार शून्य. असे दोन-तीन झाले की मी एक ठेवते, बाकीचे मागच्या रंगीत पानापर्यंत छाटते. एरवी दर दोन महिन्यांनी शेंडे खुडते, त्याने झाड पसरट आणि दाट होतं.

पाणी आणि माती यात फार काही नवीन नाही. बारा इंची कुंडी, माती, गांडूळखत आणि कोकोपीट, निचऱ्यासाठी मूठभर पेरलाइट, म्हणजे ते हलके पांढरे खडे. बोटाचं पहिलं पेर मातीत खुपसून कोरडं लागलं तर पाणी. ही नेहमीच्या जास्वंदीपेक्षा कमी पाणी पिते, कारण वाढच कमी. सलग पावसात कुंडी आडोशाला घेतली नाही तर खालची पानं पिवळी पडून गळतात. थंडीत पारा १० अंशांच्या आसपास आला की झाड थांबतं, तेव्हा खत बंद.

खताच्या बाबतीत एक किस्सा. फुलं येत नाहीत म्हणून मी दोनदा मूठ-मूठ हाडांचं खत घातलं. फुलं आली नाहीतच, वर नव्या पानांचा हिरवा भाग पिवळट आणि त्यातल्या शिरा तेवढ्या हिरव्या दिसायला लागल्या. म्हणजे लोहाची कमतरता. हाडांच्या खतात स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, भरपूर. जास्वंदीला जादा स्फुरद सोसत नाही, त्याने लोह मुळांना मिळेनासं होतं. साध्या जास्वंदीवर हे लगेच कळलं असतं. इथे पान मुळातच चार रंगांचं, त्यामुळे तीन आठवडे मला ते नवीन रंगकाम वाटत होतं! तेव्हापासून सवय लावून घेतली आहे: तब्येत बघायची तर पांढऱ्याकडे बघायचंच नाही, हिरवा भाग गडद आहे का तेवढंच पाहायचं. चिलेटेड लोहाच्या, म्हणजे झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातल्या लोहाच्या, दोन फवारण्यांनी नवीन पानं सुधारली, जुनी तशीच राहिली. आता महिन्यातून एकदा गांडूळखत, आणि वाढ चालू असेल तेव्हा पंधरा दिवसांनी पालाश (पोटॅश) जास्त असलेलं, पाण्यात विरघळणारं खत, डब्यावर लिहिलंय त्याच्या निम्मं. नत्राचा (नायट्रोजनचा) मारा टाळते, त्याने हिरवे फुटवे जास्त येतात असा माझा संशय आहे.

आणि पिठ्या ढेकूण. जास्वंद, भेंडी, कापूस हे एकाच कुळातले आणि या किडीला हे कूळ फार प्रिय. पण या झाडावर अडचण अशी की कीड पांढरी आणि पानही पांढरं. रोज पाणी घालताना मी झाडासमोर उभी असायची आणि मला ती दिसली नाही. दिसल्या त्या मुंग्या. कुंडीच्या काठावरून खोडावर सरळ रांग, आणि खाली फरशीवर चिकट थेंब. मग एक पान उलटं केलं, देठाच्या बेचक्यात कापसाचा बोळा. दुसरं उलटं केलं, तिथेही. शेंड्याची पानं आखडून मुठीसारखी झाली होती, त्यांच्या आत तर वस्तीच. खालच्या पानांवर काळी काजळी धरली होती, ती त्या चिकट स्रावावर वाढणारी बुरशी.

आखडलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाकले. उरलेल्या झाडावर पाण्याचा जोरदार फवारा, नंतर संध्याकाळी एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि दोन-चार थेंब साबण. दर सहा-सात दिवसांनी, असं चार वेळा. पहिल्या फवारणीने कीड गेल्यासारखी वाटते, तिथे थांबू नका, अंडी कापसात सुरक्षित असतात. भर उन्हात फवारलंत तर पांढरा भाग करपेल, हेही अनुभवाने सांगते. आता मी कीड शोधत नाही, मुंग्या शोधते.

फुलांचं सांगायचं राहिलं. लाल, एकेरी, लहान, पाकळ्या अरुंद. सकाळी उमलतं आणि दुसऱ्या दिवशी मिटलेलं असतं. पहिल्या वर्षात मोजून अकरा आली. कळ्या त्याहून जास्त धरल्या होत्या, पण एकदा कुंडी हलवली आणि एकदा चार दिवस पाणी चुकलं, दोन्ही वेळा कळ्या देठासकट खाली. जी फुलं आली ती मात्र गुलाबी-पांढऱ्या पानांतून अशी उठून दिसतात की संख्येची तक्रार त्या दिवसापुरती विसरते.

शेवटी रोपांविषयी. रंग टिकवायचा तर बी नाही, फांदीच लावायला हवी. छाटणीतून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या पाच फांद्या लावल्या होत्या. तीन मिश्र रंगाच्या, त्यातल्या दोन सहा-सात आठवड्यांनी धरल्या. एक उगाच प्रयोग म्हणून पूर्ण गुलाबी शेंड्याची. ती महिनाभर तशीच ताजी दिसली, मग एका आठवड्यात वाळली, उपटून पाहिलं तर मूळ एकही नाही. पाचवी त्या हिरव्या फुटव्याची. फेकवेना म्हणून लावली. तिला तीन आठवड्यांत मुळं फुटली, आणि आता ती शेजारच्या कुंडीत आईच्या खांद्याला लागली आहे. काल तिच्यावर सहा फुलं होती. आईवर एकही नाही.