डूला घ्यावी का? फोंड्यातल्या एका नवऱ्याचा अनुभव

डूला म्हणजे बाळंतपणात सोबत करणारी बाई. ती डॉक्टरही नव्हे आणि नर्सही नव्हे, हे आधी नीट समजून घ्या. ती तपासत नाही, औषध देत नाही. पैसे घेते ते सोबतीचे. आमच्या आईचा पहिला प्रश्न तोच: "घरात एवढ्या बायका असताना सोबतीला पैसे कसले?"

उत्तर कळा सुरू झाल्यावर मिळालं. बायकोची कंबरच जास्त भरून येत होती. आई आणि सासूबाई मंगेशाचा धावा करत होत्या, मी उगाच पंखा वाढवत होतो. डूलाने तिला खुर्चीवर उलटं, पाठीकडे तोंड करून बसवलं. कळ आली की माकडहाडाच्या जरा वर तळहात रोवून दाबायचं, ओसरली की हात सैल. मग माझे हात तिथे ठेवून म्हणाली, "हातांनी जोर लावू नका, अंगाचा भार टाका." पुढे रात्रभर मी तेच केलं.

हॉस्पिटलने मात्र ऐनवेळी 'आत एकच माणूस' म्हणून सांगितलं. मी आत, डूला बाकड्यावर बाहेर, आणि पैसे पूर्ण भरलेले. प्रसूतीच्या वेळी बाईच्या पसंतीचं माणूस सोबत असावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्येच सांगितलंय. पण दारावर नियम हॉस्पिटलचाच चालतो. तेव्हा फी भरण्याआधी तिथे विचारून घ्या.

घरी आल्यावरच्या भेटी सगळ्यात कामाच्या. बाळ नुसतं बोंड ओढायचं, भेगा पडलेल्या. डूलाने बाळाचं पोट बायकोच्या पोटाला लावून घेतलं, जांभईएवढं तोंड उघडेपर्यंत थांबायला लावलं, आणि बोंडाभोवतीचा काळा भागही तोंडात जाईल असं धरलं. तेवढ्यानेच फरक पडला. इकडे आईने गुटीसाठी सहाण काढलेली. सहा महिने आईचं दूधच, पाणीसुद्धा नको, हे डूलाने एकदाच सांगितलं आणि पुढचं बाळाच्या डॉक्टरांवर सोपवलं. वर आईच्या हातचं नाचणीचं तिझन बाळंतिणीसोबत स्वतःही वाटीभर खाल्लं! सहाण परत फळीवर गेली.

तक्रार म्हणाल तर दिलेले सगळे कागद इंग्रजीत, आणि डूलाची कोंकणी जेमतेम. सासूबाईंना प्रत्येक गोष्ट मी समजावून सांगायची. शिवाय ती म्हापशाची. पावसात बाणस्तारीमार्गे यायचे प्रवासखर्च वेगळे लावले, ते आधी सांगितले नव्हते. पुढच्या खेपेला बाळंतपणानंतरच्या भेटी तेवढ्या घेऊ, त्याही फोंड्यात कोणी मिळाली तर.