घोडीचं माप न विचारणाऱ्याकडून झूल घेतली, १७,७५० रुपये गेले

पंधरा दिवस घरच्यांशिवाय कुणाला सांगितलं नाही. लहानपणापासून दारात घोडी आहे आणि झूल घेताना फसलो, हे बोलायची लाज वाटत होती. काल भाच्यानं त्याच झुलीच्या जाहिरातीचा व्हिडिओ पाठवून विचारलं, "मामा, मागवू का?" म्हणून लिहितोय.

घोडी मागच्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली, पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये बांधतो. पौषात आमच्याकडे धुळे जिल्ह्यात पहाटे पारा सहा-सातवर येतो. त्यातच मोबाइलवर जाहिरात आली : थंडीत ऊब, उन्हात गारवा, पावसात कोरडी, तापमान स्वतः सांभाळणारी परदेशी झूल. ६,५०० आगाऊ भरले. माल निघताना ९,८००. मग "टॅक्स अडकलाय" म्हणून १,४५०. तिसऱ्यांदा भरायला नको होते, पण आधीचे १६,३०० बुडतील या भीतीनं भरले. तुम्हीही भरले असते.

खरं तर मला पहिल्याच फोनवर कळायला हवं होतं. विकणाऱ्यानं विचारलं, "रंग कोणता पाठवू?" माप विचारलंच नाही! छातीच्या मध्यापासून शेपटीपर्यंत फीत धरल्याशिवाय झूल बसत नाही, हे मी दुसऱ्यांना सांगतो. आणि मी म्हणालो, "लाल." तो एक शब्द अजून टोचतो.

व्हिडिओत झुलीवर बाटलीभर पाणी ओतलं, पाणी ओघळून गेलं. रेक्झीनवरूनही ओघळतं! आतला घाम बाहेर पडतो का, हे विचारा. आतलं भरण दर चौरस मीटरला किती ग्रॅमचं ते शिवलेल्या लेबलवर बघा. माझ्या झुलीवर '३०० ग्रॅम'चं स्टिकर होतं. उसवून पाहिलं तर आत गादीचा पातळ फोम निघाला.

पहिल्याच रात्री घातली. पहाटे वडील ओरडले, "आरे, घोडी वल्ली शे!" झुलीखाली घामानं निथळत होती, बाहेर बोचरं वारं. खांद्यावरचे केस घासून गेले होते. डॉक्टर म्हणाले, निरोगी घोड्याला साधारण ५ ते २५ अंशांत काही त्रास नसतो; वाऱ्याला आडोसा करा, रात्री वाळका चारा वाढवा, तो पचताना अंगात ऊब येते. हे आधी विचारलं असतं तर फुकटात झालं असतं. कान गार लागले म्हणून झूल चढवू नका, खांद्यामागे हात घालून बघा.

तक्रारीला गेलो तर साहेब म्हणाले, "माल मिळाला ना? मग फसवणूक कसली?" दुसऱ्या टेबलावर सांगितलं, सायबरकडे जा. तिथे म्हणे, पैसे तुम्हीच पाठवले, ग्राहक आयोगात जा. तीन चकरा, दोन दिवसांची मजुरी बुडाली, आणि प्रत्येक ठिकाणी "घोड्याला झूल?" म्हणून हसले. माणसाचा मोबाइल चोरीला गेला असता तर हसले असते का? घोडीवर आमचं लग्नसराईचं पोट आहे. अर्जावर पोच मागितली, तीही दिली नाही.

पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. मी सहा दिवस थांबलो, तिथेच चुकलो. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी लागत नाही आणि आपल्या जिल्ह्यात तक्रार देता येते. मी देतोय. तिन्ही पावत्या काढून ठेवल्या आहेत. झूल धुतलेली नाही. घामाचे पांढरे डाग अजून तसेच आहेत.