बटणांचा डबा आणि पहिलीचा वर्ग : आमच्या वस्तीवरच्या शाळेबद्दल

मी खटाव तालुक्यातल्या एका वस्तीवर राहते. घरीच शिलाई मशीन आहे, ब्लाउज शिवते, गणवेश शिवते. माझा थोरला दोन वर्षं व्हॅनने इंग्रजी शाळेत जात होता. गेल्या वर्षी त्याला तिथून काढून वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीत घातलं. तेव्हापासून माप द्यायला येणारी प्रत्येक बाई विचारते, "शाळा कशी आहे गं?" म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

शाळेला दोन खोल्या, पुढं व्हरांडा आणि एक कडुनिंब आहे. पहिली ते चौथी मिळून 31 मुलं. कायद्याने 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, म्हणून पहिली-दुसरी मॅडमकडे आणि तिसरी-चौथी गुरुजींकडे. भिंतींचा रंग उडालाय. इमारत बघून शाळा ठरवणार असाल तर ही शाळा तुम्हाला आवडणार नाही.

आधीच्या शाळेत माझं पोरगं बोलायचंच बंद झालं होतं. घरी अखंड बडबड आणि शाळेत तोंड मिटलेलं. कारण मला फार उशिरा कळलं. तो "मला न्हाय पायजे" म्हणाला की वर्ग हसायचा, आणि नीट बोलता येईपर्यंत त्याला उभं करायचे. पाच वर्षांचं लेकरू ते. अजून आठवलं की पोटात तुटतं.

इथं पहिल्याच आठवड्यात मॅडमनी मुलांना विचारलं, काल रात्री काय जेवलात? कुणी भाकरी-कोरड्यास सांगितलं, कुणी माडगं, कुणी हुलग्याचं कालवण. मॅडमनी एकही शब्द न बदलता सगळे फळ्यावर लिहिले आणि ज्याचा शब्द त्याला त्याच्यापुढं चित्र काढायला लावलं. पुस्तकातली भाषा त्या शिकवतातच, पण ती नंतर येते आणि मुलाची भाषा पुसून येत नाही. दिवाळीच्या आधी माझ्या मुलाने स्वतःहून वाचलेला पहिला मोठा शब्द 'कोरड्यास' होता, जोडाक्षरासकट. ओसरीच्या भिंतीवर कोळशाने लिहूनही दाखवला. तो मी अजून पुसलेला नाही.

जुलैत एका संध्याकाळी मॅडम घरी आल्या. मला वाटलं, काहीतरी तक्रार असणार. मी चहा टाकायला उठले तर त्या म्हणाल्या, "ताई, बसा. तो घरी कुणी न सांगता काय करत बसतो, ते मला सांगा." हे मला आजवर कुठल्याच शाळेने विचारलं नव्हतं. मी म्हटलं, मशीनखाली बसतो आणि माझ्या डब्यातली बटणं रंगावरनं वेगळी करतो. मॅडमनी डबा मागून घेतला, उघडून पाहिला आणि म्हणाल्या, "याच्या दहा-दहाच्या माळा करायला लावा. एक माळ आणि वर तीन बटणं म्हणजे तेरा, एवढं बोलत राहा." शिवता शिवता तेवढं बोलणं मला जमण्यासारखं होतं. महिनाभरात तो माळा मांडून शंभरापर्यंत गेला.

सप्टेंबरात त्यांनी मला टेप घेऊन वर्गात बोलावलं. मी दोन्ही इयत्तांच्या मुलांची उंची मोजली. दुसरीच्या मुलांनी आकडे वहीत लिहिले, पहिलीच्यांनी कोण उंच, कोण बुटकं ते सांगितलं. एक मुलगी 118 सेंटिमीटर भरली आणि माझा 112. फरक किती, म्हणून पोरं टेपवर बोट ठेवून एक-एक रेघ मोजत होती. गणितात माझी दहावी राहिलेली आहे. आणि त्या दिवशी मी गणिताच्या तासाला फळ्याजवळ उभी होते. घरी येताना माझे डोळे भरून आले होते. पुढच्या महिन्यात एक गवंडी दादा ओळंबा घेऊन गेले, एका आजींनी हुलग्याचं पीठ नेऊन माडगं कसं करतात ते दाखवलं. मुलांनी ती कृती लिहून काढली आणि मग सगळ्यांनी प्यायलं.

आता माता गटाबद्दल. राज्यात 2022 पासून 'पहिले पाऊल' नावाचं शाळापूर्व तयारीचं अभियान चालतं. आसपासच्या आयांचा एक गट आणि त्यातली एक लीडर माता असते. घरात करायच्या छोट्या कृती व्हॉट्सअ‍ॅपवर येतात : चपलांच्या जोड्या लावा, डाळी वेगळ्या करा, भांडी लहान-मोठी मांडा. कृती खरोखर चांगल्या, घरात आहे तेवढ्यावर होणाऱ्या. अडचण मोबाइलची. आमच्या सहाजणींत स्वतःच्या हातात मोबाइल असणाऱ्या दोघीच. बाकीच्यांचा मोबाइल नवऱ्याबरोबर दिवसभर बाहेर, आणि तो घरी येतो तेव्हा पोर झोपलेलं. हे मॅडमच्या कानावर घातलं, तेव्हा गुरुजींनी देवळाच्या भिंतीवर काळा पट्टा रंगवून घेतला. दर शनिवारी त्यावर त्या आठवड्याची कृती चित्रात काढतात, कारण आमच्यातल्या दोघींना वाचता येत नाही. पाण्याला जाता-येता ती सगळ्यांच्या नजरेस पडते.

उणिवाही सांगायलाच हव्यात. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने 75 टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला हव्यात. कागदावर तसं होतं, मीही सदस्य होते. पण सभा सकाळी अकराला. रोजाने भांगलायला जाणाऱ्या बाईने 300 रुपये बुडवून यायचं कसं? रजिस्टर सहीपुरतं घरी यायचं. मी सही केली नाही, वेळ बदला म्हटलं. ऑक्टोबरपासून सभा संध्याकाळी सहाला होते आणि बायका येतात, बोलतात. बापे मात्र अजून चार-पाचच. हा दोष शाळेचा नाही, आपला आहे.

गुरुजी सर्वेक्षणाला किंवा प्रशिक्षणाला गेले की मॅडमना चारही वर्ग सांभाळावे लागतात. त्या दिवशी शिकवणं होत नाही, मुलं नुसती सांभाळली जातात. उन्हाळ्यात शौचालयाला पाणी नसतं आणि मुली मधल्या सुट्टीत घरी पळतात. समितीने ग्रामपंचायतीला दोनदा अर्ज दिलाय, टाकी अजून आलेली नाही. मी तिसरा अर्ज लिहायला घेतलाय.

इंग्रजीचं काय, असंही विचारतात. मराठी शाळांत 2000 पासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. शेजारच्या व्हॅनमधल्या मुलांएवढ्या कविता माझ्या मुलाला पाठ नाहीत, हे खरं. पण समोरच्याला प्रश्न विचारायला तो आता घाबरत नाही. दुसरीत आहे, गोष्टीचं पुस्तक अडखळत वाचतो, धाकटीला मांडीवर घेऊन वाचून दाखवतो. मॅडमची बदली होईल कधीतरी, त्याची मला काळजी लागून राहिलीय.

धाकटीची नोंदणी 'पहिले पाऊल'च्या एप्रिलच्या मेळाव्यात केली. व्हरांड्यात सात टेबलं मांडली होती : नोंदणी, उड्या-चेंडू, रंग-आकार, गोष्ट सांगणं, मोजणं, असं एकेक. मोजण्याच्या टेबलावर या वर्षी मीच बसले होते, बटणांचा डबा घेऊन. नवीन आलेल्या एका आईने मुलाला हळूच दटावलं, "नीट बोल." मी तिला म्हटलं, बोलू दे गं त्याला, आणि डबा त्याच्यापुढं सरकवला.