जरीपटक्याची प्रतिकृती: नऊ महिने घरात लावल्यानंतर

गेल्या दसऱ्याला मागवलेला जरीपटका, म्हणजे मराठ्यांच्या जरीकाठी निशाणाची प्रतिकृती, चिपळूणच्या आमच्या घरात लागून नऊ महिने झाले. चार फूट लांब, केशरी साटीन, कडेने जरीची किनार, टोकाला दोन शेंडे. २,८०० रुपये पडले, काठीचे वेगळे.

भगवा झेंडा आणि जरीपटका ही मराठ्यांची दोन वेगळी निशाणं. विक्रेत्याने मात्र दोन्ही एकाच नावाखाली ठेवली होती. मी फोटो मागवून खात्री केली, मगच पैसे भरले. तुम्हीही तसंच करा.

साटीनचा रंग आजही तसाच आहे, कारण अंगणात लावला ते दोन दिवस सोडले तर उन्हात ठेवला नाही. जरीचं मात्र जूनमध्ये बिनसलं. पाऊस लागल्यावर पंधरा दिवसांत खालच्या शेंड्याची किनार काळपट पडली. ओळखीच्या एका विणकराला दाखवली. त्यांनी सुटलेला एक धागा काढून दिव्याच्या ज्योतीवर धरला. आतला दोरा जळाला, तार तशीच राहिली. म्हणाले, "तांब्याची आहे. प्लास्टिकची असती तर वितळून गोळी झाली असती." तांबं म्हटल्यावर कोकणच्या दमट हवेत ते काळवंडणारच. तरी प्लास्टिकच्या चकचकाटापेक्षा मला हीच जर बरी वाटते. दिव्याखाली तिचा पिवळा मऊ दिसतो. आता पावसाळ्यात पटका मलमलमध्ये गुंडाळून कपाटात ठेवते.

खरा राग नेफ्याचा. काठी घालायच्या त्या जागेला एकच शिलाई! १९ फेब्रुवारीला शिवजयंतीसाठी अंगणात उभा केला, वारा सुटला आणि नेफा चार बोटं उसवला. ५ नोव्हेंबर १८१७ ला पेशवे आणि इंग्रज यांच्यातल्या खडकीच्या लढाईपूर्वी जरीपटक्याची काठी मोडली, तो अपशकुन मानला गेला, आणि त्याच दिवशी निशाण घेऊन चाल करून गेलेले पेशव्यांचे सरदार मोरोपंत दीक्षित धारातीर्थी पडले. हे वाचलेलं असल्यामुळे तो उसवलेला नेफा बघून माझ्या पोटात कालवलं. निशाण बनवणाऱ्याने कुठे कसर करावी आणि कुठे करू नये, एवढं तरी कळायला हवं.

आमच्या शिंप्याने आतून जाड सुती पट्टी लावून दुहेरी शिलाई मारून दिली, साठ रुपयांत. त्यानंतर महाराष्ट्र दिनाला पुन्हा अंगणात लावला. दिवसभर वारा होता, टाका हलला नाही.