लहान मुलासोबतची थेरपी, नऊ महिने: आजीला आत बसवलं तेव्हा फरक पडायला लागला

गेल्या डिसेंबरपासून आम्ही जवळजवळ दर शनिवारी भांडुपहून दादरला जातोय, मी, मुलगा आणि सासूबाई. मुलगा आता पाच वर्षांचा आहे. सुरू करायच्या आधी मी खूप शोधलं होतं, की एवढ्या लहान मुलाची थेरपी म्हणजे आत नक्की करतात काय, पैसे किती जातात, फरक पडतो का, पण मराठीत कोणी सविस्तर लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून सगळं लिहितेय. मोठं होईल.

मागच्या जूनमध्ये सासरे अचानक गेले, हार्ट अटॅक. आमचा चौथा मजला, लिफ्ट एवढीशी, १०८ ची अ‍ॅम्ब्युलन्स आली पण स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावेना, मग हॉलमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांना खाली नेलं. मुलगा तेव्हा शेजाऱ्यांकडे कार्टून बघत होता असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तो दारात उभा राहून सगळं बघत होता हे आम्हाला कितीतरी महिन्यांनी कळलं.

त्याला सांगितलं की आबा गावाला गेले. सगळे हेच सांगतात, आम्हीही सांगितलं. मग गणपतीत कुडाळला गेलो आणि घरात शिरल्या शिरल्या हा माजघरात, पडवीत, मागच्या न्हाणीत, सगळीकडे आबांना शोधत फिरला, गोठ्यातसुद्धा बघून आला. रात्री जेवताना विचारतो, "मग आबा कुठल्या गावाला गेले?" पंक्तीत एकालाही काही बोलता आलं नाही.

तिथून परत आल्यावर सगळं सुरू झालं. अंथरुणात शू, जी वर्षभर बंद होती ती परत. शाळेत दोन मुलांना चावला. मी ऑफिसची बॅग खांद्याला लावली की दारात आडवा पडून किंचाळायचा. आणि ती प्लास्टिकची खुर्ची, त्यावर कोणी बसलं की ओढून खाली पाडायचा. आम्हाला वाटायचं हट्टीपणा आहे, मी एकदोनदा मारलंसुद्धा, ते आठवलं की अजून पोटात तुटतं.

आधी एका सेंटरला सहा सेशन केले. नाव लिहीत नाही. सगळे फॉर्म इंग्रजीत, मुलाशी बोलणं हिंदी-इंग्रजीत, त्याला आत न्यायचे आणि आम्ही बाहेर सोफ्यावर. आत काय झालं विचारलं की "वेळ द्या". पहिल्याच दिवशी वीस मिनिटांत सांगून टाकलं की हायपर आहे, मोबाईल बंद करा. प्ले थेरपी, म्हणजे मुलाशी खेळातून करतात ती, वाईट असते असं माझं अजिबात म्हणणं नाही, पण ज्या पोराच्या डोक्यात "आबा" आणि "गाव" हे दोन शब्द अडकलेत त्याच्याशी घरच्या भाषेत बोलणारं माणूस हवंच, त्यात तडजोड करू नका.

मग आमच्या मुलांच्या डॉक्टरांनी आत्ताच्या मॅडमचं नाव सुचवलं. त्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत. (कोणी हे पद लावत असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) नोंदणी आहे का, आरसीआय नंबर काय, सरळ विचारा, चांगली माणसं लगेच सांगतात.) पहिल्या तीन भेटी मुलाशिवाय झाल्या, फक्त मोठ्यांच्या. त्यात त्यांनी एका कागदावर मुलाचा पूर्ण दिवस लिहायला लावला, कुठल्या तासाला तो कोणाजवळ असतो. मी लिहिलं, सकाळी आठला मी निघते, संध्याकाळी साडेसातला येते, मध्ये शाळेचे तीन तास सोडले तर आजी. त्यांनी कागद बघितला आणि विचारलं, "मग आजी का नाही आल्या?"

मला त्या प्रश्नाचा खूप त्रास झाला. रजा मी टाकत होते, रात्री जागून वाचत मी होते, आई मी आहे, आणि यांना आजी हवी. घरी येऊन नवऱ्याजवळ रडले. दोन दिवसांनी शांतपणे विचार केला तेव्हा पटलं, की ज्या बाईचा चाळीस वर्षांचा जोडीदार गेलाय तीच बाई दिवसभर त्या मुलाला भरवतेय, झोपवतेय, आणि तिला कोणी एका शब्दाने विचारलेलं नाही की तुम्ही कशा आहात.

आई, म्हणजे सासूबाई, आधी तयार नव्हत्या. चुलत सासरे म्हणाले ही अमेरिकेची फॅडं आहेत. मॅडमनी पुढच्या भेटीत सांगितलं की मुंबईला हे काही नवीन नाही, आज आपण जिला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस म्हणतो त्या संस्थेने १९३७ सालीच इथे मुलांच्या मनाच्या आणि वागण्याच्या अडचणींसाठी चाइल्ड गायडन्स क्लिनिक काढलं होतं. ते ऐकून आई म्हणाल्या, माझ्या जन्माच्या आधीपासून आहे म्हणजे येते. हो, आमच्याशी वापरतात ती पद्धत मात्र मूळ तिकडचीच, चाइल्ड-पॅरेंट सायकोथेरपी, सॅन फ्रान्सिस्कोत अ‍ॅलिशिया लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवलेली, सहा वर्षांच्या आतल्या, काहीतरी भीतीदायक बघितलेल्या किंवा जवळचं माणूस गमावलेल्या मुलांसाठी. मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस एकाच खोलीत, कारण एवढं लहान मूल एकट्याने सावरत नाही, कोणाच्या तरी जिवावर सावरतं.

मुलाला पहिल्यांदा नेलं तेव्हा मॅडम खाली सतरंजीवर बसल्या आणि साध्या तीन गोष्टी बोलल्या. आबांचं हृदय बंद पडलं आणि ते वारले, वारलं की माणूस परत येत नाही. ते झाल्यापासून तुला राग येतो, भीती वाटते. म्हणून आपण इथे आजीबरोबर आणि आईबरोबर खेळणार. माझा जीव घशात आला होता, मला वाटलं आता किंचाळणार. तो म्हणाला "हां" आणि खेळण्यांतली अ‍ॅम्ब्युलन्स उचलली.

पुढचे पाच-सहा शनिवार तोच खेळ. म्हातारा बाहुला, खुर्ची, अ‍ॅम्ब्युलन्स, कपाटाखाली. परत काढायचा, परत तेच. मला कंटाळा नाही, भीती वाटायची की हे वाढतंय का. मॅडम म्हणायच्या करू दे, तो जे बघितलंय ते दाखवतोय. तेव्हा कळलं दारातलं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी त्याने बाहुल्याच्या पाठीवर छोटा बाहुला बसवला आणि आजीकडे न बघता विचारलं, "मी घोडा घोडा केलं म्हणून?" आबा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी तो त्यांच्या पाठीवर बसला होता आणि आबा म्हणाले होते, दमलो रे बाबा, उतर आता. आठ महिने हे त्या पोराने पोटात ठेवलं होतं. मी गप्पच झाले. आई उठल्या, त्यांचे गुडघे दुखतात तरी खाली बसल्या आणि म्हणाल्या, नाही रे सोन्या, आबांच्या छातीत आधीपासून दुखायचं, ते मला सांगायचे आणि मी म्हणायचे गॅस झाला असेल. आणि त्या रडल्या. मॅडमनी तिथल्या तिथे दोघांनाही सांगितलं, आजीला आबांची आठवण येतेय म्हणून रडू येतंय, तू काही केलं नाहीस, आणि आजीनेही काही केलं नाही. लहान मुलांना सगळं आपल्यामुळेच घडलं असं वाटतं हे मी वाचलेलं होतं. माझ्या घरात दोन माणसं तेच घेऊन जगत होती हे मला माहीत नव्हतं.

घरी करायचं म्हणून रोज पाच मिनिटांचा खेळ असतो, तो दुसऱ्या पद्धतीतला, शीला आयबर्ग यांच्या पॅरेंट-चाइल्ड इंटरॅक्शन थेरपीतला. मूल ठरवेल ते खेळायचं, प्रश्न नाही, सूचना नाही, चुका काढणं नाही, फक्त तो काय करतोय ते बोलायचं आणि चांगलं केलं की नेमकं काय चांगलं ते सांगायचं. ऐकायला सोपं आहे पण करून बघा. हा रंग कुठला, चाकं किती, हे विचारल्याशिवाय आपल्याला मुलाजवळ बसताच येत नाही. आईंना ते पहिल्या आठवड्यात जमलं, "हां, लाल गाडी पुलाखालून चालली" असं त्या पोळ्या लाटतानाही बोलतात. मला दोन महिने लागले.

पैसे: एका सेशनचे १,८०० रुपये, आत्तापर्यंत तीस झाले, म्हणजे ५४,०००. इन्शुरन्समधून एक रुपया नाही. मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट, २०१७ प्रमाणे मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं आहे, पण आमच्या पॉलिसीत ओपीडीच (भरती न होता घेतलेले उपचार) नाही, त्यामुळे विषय संपला, घ्यायच्या आधी ओपीडी आहे का बघा. परवडत नसेल तर महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांच्या मानसोपचार विभागात विचारा, केस पेपरचा खर्च नाममात्र असतो, गर्दी मात्र असते. आणि १४४१६ हा टेली मानसचा, म्हणजे मानसिक त्रासासाठीच्या फोन हेल्पलाइनचा, सरकारी नंबर, २४ तास, फुकट, मराठीत बोलतात. एका रात्री मी फोन केलाय.

काय जमलं नाही तेही सांगते. जुलैत पावसामुळे दोन सेशन बुडाले. नवरा एकूण तीनदा आला आणि ते मला खटकतं, वडील त्याचे गेलेत. शू अजून महिन्यातून दोन-तीनदा होते. चावणं मार्चपासून नाही. ऑफिसला निघताना आता तो विचारतो, "संध्याकाळी येणार ना, गावाला नाही ना?" आणि मी वेळ सांगून निघते. आबा कधी येणार हेही अधूनमधून विचारतो, एवढ्या लहानांना "कायमचं" हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, आम्ही दरवेळी तेच खरं उत्तर देतो.

या महिन्यापासून पंधरा दिवसांनी एकदा जायचंय, दिवाळीपर्यंत थांबवू असं मॅडम म्हणतात. गणपतीची तिकिटं काढलीत. आईंनी मात्र मला परवा स्वतःहून सांगितलं की पोराचं बरं चाललंय पण माझं अजून झालेलं नाही, मला एकटीला कोणाशी तरी बोलायचंय. मॅडम फक्त लहान मुलांचं बघतात. तेव्हा मुलुंड ते दादरमध्ये मोठ्या माणसांसाठी, घरच्या मराठीत बोलणारी, शक्यतो लिफ्ट असलेल्या किंवा तळमजल्यावरच्या जागेत बसणारी कोणी थेरपिस्ट माहीत असेल तर कृपया सांगा.